हबीब सरांनी अंगावर घेतलेला शब्द

नागनाथचा मेसेज आला तेव्हा मधली सुट्टी संपत आली होती. आमच्या उदगीरच्या बी.ए.च्या वर्गाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर एरवी वाढदिवस आणि लग्नपत्रिकाच असतात. त्या दिवशी नागनाथने दोनच शब्द लिहिले होते, 'सर गेले.' हबीब सर दोन वर्षांपासून डायलिसिससाठी उदगीरहून लातूरला यायचे. मुलगा गाडीतून आणायचा, आटोपलं की परत न्यायचा. नागनाथचं लातूरमधलं खताचं दुकान त्या दवाखान्याच्या रस्त्यावरच आहे, त्यामुळे सर आले, सर गेले, हे तो आम्हाला कळवत असे. मला वाटलं, आज लवकर आटोपलं असेल. मी लिहिलं, 'अरे, थांबवायचं ना, मला भेटायचं होतं.' लगेच त्याचा फोन आला. आधी त्याने मी वर्गात आहे का ते विचारलं. मग म्हणाला, "माया, तसं न्हाई गं..." शब्द नीट वाचा म्हणून जे आम्हाला तीन वर्षं रागावले, त्यांच्या जाण्याची बातमीसुद्धा मी चुकीची वाचली.

त्याला आता सहा आठवडे झाले. सरांविषयी लिहायचं तर त्यांच्या चांगुलपणाच्या पुष्कळ गोष्टी सांगता येतील. माझा एम.ए.चा फॉर्म त्यांनी स्वतः भरला, बी.एड.ला कुठे अर्ज करायचा ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि आज मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना इतिहास शिकवते ते त्यांच्यामुळेच. पण मला लिहायचं आहे ते एका शब्दाविषयी. ती गोष्ट चार माणसांना ठाऊक होती आणि ज्याला ठाऊक असायला हवी होती त्यालाच नव्हती.

सरांचे वडील उदगीरला जिल्दसाज होते, म्हणजे पुस्तकं बांधायचे. त्यामुळे फाटकी वही सरांना बघवत नसे. तास चालू असताना एखाद्याच्या वहीची पानं सुटलेली दिसली की ती मागून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दाभणाने शिवून आणून द्यायचे. दहावीपर्यंत ते उर्दू शाळेत शिकले, पुढचं कॉलेज इंग्रजी पुस्तकांवर झालं आणि शिकवायचं मात्र मराठीतून. कोणताही नवा शब्द आला की तीनही भाषांतून त्याला उलटापालटा करून बघायचे. युरोपात साधारण पाच-सहाशे वर्षांपूर्वी कला, विद्या, विचार सगळंच नव्याने बहरलं त्या काळाचा धडा आम्हाला दुसऱ्या वर्षाला होता. अभ्यासक्रमात त्याला मोजके तास होते. सरांनी त्यावर तीन आठवडे घालवले, आणि त्यातला पहिला आठवडा नुसत्या नावावर.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. रिनेसाँ, नशात-ए-सानिया, पुनरुज्जीवन. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ही सानिया कोणत्या वर्गात हाय?"

सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, "तुझ्या नशिबात नसलेली पोरगी आहे ती. बस खाली."

हसणं थांबल्यावर त्यांनी सांगितलं की नशात म्हणजे उगवणं, वाढणं, आणि सानी म्हणजे दुसरं. दुसऱ्यांदा उगवणं. तेव्हा अहमदपूरकडचा नागनाथ उभा राहिला. त्याच्या घरी ऊस होता. म्हणाला, "म्हणजे खोडवा की, सर!" ऊस तोडल्यावर त्याच मुळातून पुन्हा फुटून येणारं पीक म्हणजे खोडवा. आम्ही पुन्हा हसलो, पण सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर चौथा शब्द लिहिला आणि लांब उभं राहून बघत राहिले. "हा सगळ्यांत चांगला आहे," म्हणाले. "फक्त परीक्षेत लिहू नका. तपासणाऱ्याच्या घरी ऊस नसला तर काय करता?"

स्वतः त्यांना पुनरुज्जीवन हा शब्द आवडायचा. त्याचं कारण तेव्हा कळलं नाही. त्यांच्या घरी गेल्यावर थोडं कळलं. वडिलांनी बांधलेली उर्दू पुस्तकं एका भिंतीला छतापर्यंत लावलेली होती आणि ती वाचणारं त्या घरात सरांशिवाय कुणी उरलं नव्हतं. मुलगा मराठी शाळेत शिकला होता. एकदा सर सहज म्हणाले, "पाचशे वर्षं कुणी हात न लावलेली पुस्तकं तिकडं लोकांनी काढून वाचली. म्हणजे पुस्तक थांबून राहू शकतं..." एवढंच म्हणाले आणि चहा आला.

आता माझी चूक. सर भरभर सांगायचे, त्यामुळे आम्ही वर्गात कच्च्या वहीत शब्द तोडून लिहायचो आणि घरी पक्क्या वहीत उतरवायचो. मी उदगीरला मावशीकडे राहून शिकत होते. चार-पाच दिवस मावशीच्या घरी पाहुणे होते, उतरवायचं राहून गेलं. नंतर बसले तर कच्च्या वहीत लिहिलेलं होतं, 'रिनेसाँ म्हणजे पुनर.' आणि पुढे टिंब. फळ्यावरचा तो लांबलचक शब्द तेव्हा मला नवाच होता, पुनर म्हणजे काय ते आठवेना. पुनर्‌ने सुरू होणारा एकच शब्द माझ्या डोक्यात होता. तोच मी सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून लिहिला... पुनर्जन्म.

माझे बाबा बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावात गवंडीकाम करायचे. शाळा चौथीपर्यंत. आजोबांनी धम्म स्वीकारला, आणि बाबांनी तो मनापासून सांभाळला. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज ग्रंथाचं वाचन होतं, ते बाबाच करतात, ओळीखाली बोट फिरवत, अडलेला शब्द दोनदा वाचून. सुट्टीत मी घरी गेले की माझ्या वह्याही ते अशाच वाचायचे. त्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचं बोट त्या रेघ मारलेल्या शब्दावर थांबलं.

"ह्ये काय शिकून राहिलीस?"

मी म्हटलं, "सरांनी सांगितलंय."

हे मी का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सरांनी सांगितलंय म्हटलं की आमच्या घरात पुढचा प्रश्न येत नसे, एवढंच. पण त्या दिवशी बाबांचा आवाज चढला. "मागच्या जन्मी पाप केलं म्हणून तुम्ही खाली, आसं सांगून सांगून आपल्याला गावाच्या बाहेर बसवलं. तुझ्या आजानं त्ये समदं झटकून टाकलं. आन् तू त्येच पैसे भरून शिकून आली? कामून पाठवलं मी तुला?" आईच्या मनात माझ्यासाठी कंधारकडचं एक स्थळ होतं, ती चुलीपाशी थांबून ऐकत होती. बाबांनी वही पिशवीत घातली. "कॉलेज उघडलं की जाऊ. दाखला काढून घिऊ. बस झालं."

बिलोलीहून देगलूर आणि देगलूरहून उदगीर, असं दोन बस बदलून आम्ही गेलो. सगळ्या रस्त्यात मला एकच वाक्य बोलायचं होतं, 'बाबा, सर तसं म्हणाले नव्हते.' दाखला निघाला की माझं शिक्षण तिथेच संपणार हे मला समजत होतं. पण खरं बोलले तर, पोरीला शिकवलेलंही कळत नाही, मग शिकवायचं कशाला, असंच ते म्हणतील ही भीती त्याहून मोठी वाटली. मी गप्प राहिले.

सर प्राध्यापकांच्या खोलीत एकटेच होते. बाबांनी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "सर, ह्ये तुमी शिकवलं का मह्या पोरीला?"

सरांनी चष्मा लावला. ओळ वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होते. सर म्हणाले, "हाव. मीच सांगितलं. घाईत चुकलो."

बाबांना हे अपेक्षित नव्हतं. ते भांडायच्या तयारीने आले होते. "चुकले?"

"चुकलो. आपण काय करता?"

"गवंडीकाम."

"मग भिंत वाकडी गेली तर काय करता, मिस्त्री?"

"पाडतो."

"मग पाडू या." सरांनी लाल पेन घेतला आणि तो शब्द खोडला. पेन तसाच हातात धरून विचारलं, "सांगा, काय लिहू?"

कुणी प्राध्यापक आपल्याला असं विचारेल असं बाबांना कधी वाटलं नसावं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. विचार केला. मग म्हणाले, "आमच्यात कार्यक्रम ऱ्हातात, प्रबोधनाचे. प्रबोधन लिव्हा. त्यात बोध हाय."

"बोध म्हणजे जागं होणं," सर म्हणाले.

"हाव, तेच."

सरांनी लाल शाईत प्रबोधन लिहिलं. रिनेसाँसाठी हाच शब्द पुस्तकांतून वापरतात हे बाबांना माहीत नव्हतं, सरांना अर्थातच होतं. त्यांनी ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर पाचवा शब्द म्हणून तो लिहिला आणि म्हणाले, "हा मला काल एका मिस्त्रींनी दिला." बाबांनी दाखला काढला नाही. बसमध्ये चढताना मला म्हणाले, "ऐकून घेणारा माणूस हाय. ऱ्हा हितं."

बाबा गेल्यावर मी सरांकडे जाऊन रडले. सर म्हणाले, "रडायचं काय त्यात? फ्रेंच शब्दाचा सरळ अर्थ पुनर्जन्मच आहे. तुझी चूक त्या लोकांनी आधीच करून ठेवलेली आहे." मग आवाज बदलून म्हणाले, "पण शब्द पूर्ण लिहीत जा."

इथेच ती गोष्ट संपली असती. पण बाबांनी ती संपू दिली नाही. विहारात, लग्नकार्यात, कामावर, जिथे चार माणसं बसतील तिथे ती सांगितली जाऊ लागली. उदगीरचा प्रोफेसर शब्द चुकला आणि बाबांनी तो पाडून नवा बांधून दिला. दर वेळी तिच्यात थोडी भर पडे. एकदा तर सरांनी उठून बाबांना खुर्ची दिली होती. तसं वाईट काही बोलत नसत, उलट शेवटी म्हणत, "लई मोठा माणूस. एका शब्दात मानलं." पण आमच्या गावाला हबीब सर माहीत झाले ते चुकलेले सर म्हणूनच. माझ्या लग्नाला सर उदगीरहून आले तेव्हा बाबांनी त्यांचा हात धरून सगळ्या मांडवात फिरवलं. "ह्येच ते सर. शब्द चुकले होते ते." सर दर वेळी हात जोडून म्हणत, "हाव, मिस्त्रींनी सुधारला." लोक हसायचे. सरही हसायचे. मी नवी साडी नेसून, मान खाली घालून बसले होते. नवरीने मान खाली घालायचीच असते, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

सरांशी शेवटचं बोलणं झालं ते दवाखान्यातच. हाताला नळ्या लावलेल्या, पुढे तीन-चार तास पडून राहायचं, म्हणून त्यांना कुणी बोलायला आलं की बरं वाटे. मला आमच्या मुलांसाठी त्याच धड्याच्या टिपा काढायच्या होत्या. कोणता शब्द घेऊ, असं विचारायला मी गेले होते. बोलता बोलता म्हटलं, "सर, मी आता बाबांना खरं सांगून टाकते."

"कशाला?" सर म्हणाले. "माझं काय बिघडून राहिलं? बिलोलीत मला कोण नोकरी देणार आहे आता?" त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण थोड्या वेळाने तसेच डोळे मिटून म्हणाले, "एक मात्र वाटतं, माया... तुझे बाबा माझ्याशी परत कधी भांडले नाहीत. मी चूक कबूल केली आणि त्यांनी भांडणच सोडून दिलं. त्यांना माझा खरा शब्द सांगितला असता तर... त्यांचं काय म्हणणं असतं, कुणास ठाऊक." मग नर्स आली आणि मला बाहेर जायला सांगितलं. कोणता शब्द घेऊ याचं उत्तर राहूनच गेलं.

सर गेल्याचं कळल्यावर बाबा म्हणाले, मी येतो. त्यांचं वय झालं आहे, गुडघे धरतात, तरी दोन बस बदलून ते उदगीरला आले. मी लातूरहून गेले. सरांच्या घरी त्यांच्या पत्नी होत्या, आम्ही त्यांना खाला म्हणतो, आणि मुलगा होता. खालांनी पाणी आणून दिलं. मग बाबांनी सुरुवात केली आणि काय येणार ते मला कळलं. "सर लई मोठा माणूस. एकच शब्द चुकले होते बघा..." त्या खोलीत, सरांच्या पुस्तकांच्या भिंतीसमोर, त्यांच्या बायकोला आणि मुलाला बाबा ती गोष्ट सांगत होते, गौरव म्हणून सांगत होते. सरांच्या मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याला खरं ठाऊक होतं. खालांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "हो भाऊ. ते नेहमी सांगायचे, मिस्त्रींनी मला शिकवलं म्हणून." त्याही ते सांभाळून घेत होत्या. सर गेले तरी त्यांच्या घरातलं माणूस माझी चूक अंगावर घेत होतं.

संध्याकाळी आम्ही लातूरच्या बसमध्ये बसलो. बाबा थोडे दिवस माझ्याकडे राहणार होते. नळेगाव मागे पडल्यावर मी सांगितलं. कच्ची वही, टिंब, पक्की वही, सगळं. "सर तो शब्द म्हणालेच नव्हते, बाबा. मी चुकले. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. बसचा आवाज फार होता, मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग त्यांनी विचारलं, "खालाला ठावं हाय?"

"हो."

"पोराला?"

"हो."

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. लातूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाले, "मग सर कोणता शब्द मनले होते?"

"पुनरुज्जीवन."

"म्हंजे?"

"जुनं, मेलेलं परत जिवंत करणं. तिकडच्या लोकांनी त्यांचं जुनं ज्ञान, जुनी कला परत..."

बाबांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "तोबी चूकच हाय."

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले.

"जुनं कुणाचं? ज्याचं मागं चांगलं होतं त्येनं करावं जिवंत. आपलं मागचं काय हाय जिवंत करण्यासारखं? पानवठ्यावरून हाकलायचे, त्ये करू का जिवंत?" बाजूच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला, तरी बाबा थांबले नाहीत. "सरांचं असंल मागं काई चांगलं. ती भिंतभर पुस्तकं होती न्हाई का... त्याईचं त्याईला वाटणारच तसं. पण समद्या पोरायला तेच शिकवायचं का? ह्ये इचारलं असतं मी सरांना." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "त्या वक्तालाच सांगायचं होतंस. लई इचारलं असतं."

आणि माझ्या मनात आलं की सरांनी त्यावर काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही. त्यांनी पुस्तकांच्या भिंतीकडे बोट केलं असतं, की फळ्यावर अजून एक शब्द लिहिला असता... दोघंही बोलायला तयार होते, वीसेक वर्षं तयार होते, आणि मी मध्ये एक टिंब देऊन बसले होते.

बाबा चार दिवस लातूरला राहिले. त्या विषयावर बोलले नाहीत. मीही काढला नाही. मला धास्ती होती ती त्यांच्या मनाची. म्हाताऱ्या माणसाची एवढी एकच गोष्ट होती, चारचौघांत सांगण्यासारखी, ती मी काढून घेतली होती. सरांना राखून ठेवायची होती ती नेमकी हीच. मी बरोबर केलं की चूक, हे हा लेख लिहायला बसेपर्यंत मला ठरवता आलं नव्हतं.

मग परवा भावजयीचा गावाकडून फोन आला. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळे उठायला लागले तर मामंजींनी थांबवलं, म्हणाली. उभं राहून बोलले. उदगीरचे सर वारले, त्यांच्याबद्दल मी इतकी वर्षं सांगत आलो ते खोटं होतं, सर चुकलेच नव्हते, चूक आपल्या मायाची होती आणि सरांनी ती स्वतःवर घेतली, पोरीचं शिक्षण सुटू नये म्हणून. तेवढ्यात मागून एका पोराने विचारलं, "मंग आबा, खरा शब्द कोणता व्हता?"

"मग? काय म्हणाले बाबा?" मी विचारलं.

"काय मनणार," भावजय म्हणाली. "मनले, त्ये आजून ठरायचं हाय. सरांचं एक मनणं हाय, मव्हं एक हाय. बसा खाली, सांगतो."